आकडा खोटा, की कार्ड?

महाडच्या औद्योगिक वसाहतीत पावसाळा सुरू झाला, की कारखान्यांच्या देखभाल विभागाकडे एक ओळखीची तक्रार येऊ लागते. नियंत्रण कक्षातील पडद्यावर एखाद्या मोटारीचा विद्युतप्रवाह एकाएकी उतरतो, चाळीस अंशांवर असलेल्या टाकीचे तापमान क्षणार्धात साडेआठशे अंश दिसू लागते किंवा डोळ्यांसमोर चालू असलेला पंप बंद असल्याची सूचना झळकते. पाळीवरचा कामगार दूरध्वनी उचलतो आणि सांगतो, ‘कार्ड गेले.’ भांडारातून नवे कार्ड येते, जुने निघते, नवे बसते. आणि पुष्कळदा आकडा होता तसाच राहतो.

हे कार्ड म्हणजे इनपुट मोड्यूल. कारखान्यातील विजेवर आणि यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेत बाहेरच्या तारा ज्या ठिकाणी आत येतात, ते हे दार. संशय सर्वांत आधी त्याच्यावर जातो याचे कारण साधे आहे. ते हाताशी असते, त्यावर दिवे असतात आणि ते बदलता येते. दोनशे मीटर लांबीची केबल तशी बदलता येत नाही. मात्र दोष दाराच्या अलीकडे, म्हणजे जोडणीत, केबलमध्ये किंवा प्रत्यक्ष मोजणाऱ्या उपकरणात असण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. याहून गंभीर शक्यता अशी, की मोजमापात दोष कुठेच नसतो. आकडा खरा असतो आणि यंत्रच बिघडलेले असते. या तीन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या करणे म्हणजे निदान, आणि कार्ड बदलणे हा त्याला पर्याय होऊ शकत नाही.

महाडच्या बाबतीत हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. सुदर्शन केमिकल, लक्ष्मी ऑरगॅनिक, प्रिव्ही अशा रसायन उद्योगांचे कारखाने या वसाहतीत आहेत आणि त्यांच्या भोवती लहान-मोठे अनेक. रंगद्रव्ये, द्रावके, सुगंधी रसायने, औषधांचा कच्चा माल असा येथील उत्पादनांचा पसारा आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी येथील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन लागलेल्या आगीत कामगारांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा संबंध इनपुट कार्डाशी जोडण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या वसाहतीत पाळीला जाणारी माणसे अशा पदार्थांच्या सान्निध्यात आठ-आठ तास काढतात, तेथे पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्न हलका ठरत नाही.

एक नेहमीचे उदाहरण घेता येईल. अनेक रासायनिक क्रियांत उष्णता बाहेर पडते. भांड्यातील मिश्रण सतत ढवळत राहिले आणि बाहेरून थंड पाणी फिरत राहिले, तरच ती उष्णता काबूत राहते. ढवळणाऱ्या पात्यांच्या मोटारीवर लक्ष ठेवण्यासाठी दोन संकेत कार्डाकडे येतात. एक, मोटार चालू असल्याचा आणि दुसरा, ती किती अँपिअर प्रवाह घेते त्याचा. समजा, मोटार नेहमी चौदा अँपिअर घेते आणि आज सहाच दाखवते. ‘चालू’ हा दिवा मात्र तसाच आहे. कार्ड बिघडले असे म्हणणे सोपे आहे. परंतु मोटार आणि पाती यांना जोडणारे कपलिंग तुटले, तर नेमके हेच दिसेल. मोटार फिरतेच आहे, भार नाही म्हणून प्रवाह उतरला आहे आणि आत मिश्रण निश्चल आहे. ‘चालू’ हा संकेत कॉन्टॅक्टर ओढला गेला एवढेच सांगतो. पाती फिरतात की नाही, हे त्याला ठाऊक नसते. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अशीच फसगत झाली होती. झडप बंद करण्याचा हुकूम गेला, एवढेच सांगणारा दिवा चालकांनी ‘झडप बंद झाली’ असा वाचला. झडप उघडीच राहिली होती.

अशा वेळी पहिले पाच मिनिटांचे काम टाँग टेस्टरचे असते. मोटारीच्या केबलभोवती त्याचा चिमटा लावून प्रत्यक्ष प्रवाह मोजला, की पुढचा रस्ता ठरतो. टेस्टरही सहा दाखवत असेल, तर कार्डाला हात लावण्याऐवजी रिॲक्टरकडे धावले पाहिजे. टेस्टर चौदा दाखवत असेल, तरच मोजमापाच्या साखळीत दोष आहे. कार्ड काढण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारला गेला, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

साखळीत दोष कुठे?

ही साखळी किती कड्यांची असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. यंत्रावरचे मोजणारे उपकरण, त्याजवळची जोडपेटी, तेथून निघालेली केबल, पॅनेलमधले टर्मिनल, मग कार्ड, कार्डाकडून आकडा घेणारा प्रोग्रॅम आणि शेवटी पडदा. कार्डाचे काम दुभाष्याचे. तारेतून आलेला प्रवाह किंवा दाब ते अंकांत उतरवते. दुभाषा चुकू शकतो, हे खरे. परंतु बोलणाराच अडखळत असेल, तर दुभाषा बदलून उपयोग नाही.

अनुभवी तंत्रज्ञ म्हणूनच प्रथम पेचकस उचलत नाही. तो बिघाडाचा विस्तार पाहतो. एकच चॅनेल चुकते आहे, आठांचा एक गट एकदम गेला आहे, की अख्खे कार्ड गप्प आहे? एकच चॅनेल चुकत असेल, तर दोष बहुधा बाहेर, त्या एका तारेवर असतो. आठही चॅनेल एका क्षणी शून्य झाली, तर आठ उपकरणे एकाच वेळी बिघडण्याचा योग फारच दुर्मीळ. त्या गटाची सामाईक तार सुटली किंवा २४ व्होल्टच्या पुरवठ्याचा फ्यूज उडाला, हे अधिक संभवते. पाच-पंचवीस रुपयांच्या फ्यूजपायी काही हजारांचे कार्ड बाद ठरवल्याचे प्रकार या व्यवसायात नवे नाहीत.

नुसत्या ‘आहे-नाही’ सांगणाऱ्या, म्हणजे डिजिटल संकेतांचा तपास तुलनेने सोपा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार २४ व्होल्टच्या नेहमीच्या इनपुटला पंधरा व्होल्टच्या वर ‘आहे’ आणि पाच व्होल्टच्या खाली ‘नाही’ समजायचे असते. टर्मिनलवर मल्टिमीटर धरला आणि तेथे व्होल्टच नसतील, तर दोष बाहेर. चोवीस व्होल्ट आहेत पण कार्डावरचा दिवा लागत नाही, तर प्रथम सामाईक तार पाहावी आणि ती ठीक असेल, तर मात्र त्या चॅनेलचा आतला भाग जळला असे मानावे. दिवा लागतो पण प्रोग्रॅममध्ये शून्यच दिसते, तर कार्डाची आतली बाजू, रॅकची जोडणी किंवा प्रोग्रॅममधला पत्ता तपासावा. आणि मोजलेले व्होल्ट आठ-दहाच्या घरात असतील, तर कार्ड ‘आहे’ही म्हणणार नाही आणि खात्रीने ‘नाही’ही म्हणणार नाही, गंजलेला संपर्क बहुधा याच जागी सापडतो.

२३० व्होल्टच्या इनपुटवर एक वेगळीच गंमत घडते. लांब केबलमध्ये शेजारच्या तारेमुळे सुट्या तारेवरही दाब प्रेरित होतो आणि डिजिटल मल्टिमीटर तेथे साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. या मीटरचा अंतर्गत रोध सुमारे दहा मेगाओहम असल्याने तो प्रवाह जवळजवळ घेतच नाही, म्हणून हा पोकळ दाब त्याला खरा वाटतो. जुने वायरमन टेस्ट लॅम्प लावून पाहत. खरा पुरवठा नसेल, तर दिवा लागत नसे. आता कमी रोधाची सोय असलेले मल्टिमीटर मिळतात आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच वापरावेत. कार्ड मात्र जुन्या मीटरइतकेच भोळे असू शकते. संपर्क उघडला तरी त्या प्रेरित दाबावर ते ‘चालू’ म्हणत राहते.

एक तृतीयांश, दोन तृतीयांश, शून्य

विजेचे मापन करणाऱ्या कार्डांत चूक ओळखण्याचे एक सुंदर साधन गणित पुरवते. तीन फेजच्या पुरवठ्यात प्रत्येक फेजवर एक करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सी.टी., असतो. दोनशे अँपिअरचे पाच अँपिअर करून तो कार्डाकडे पाठवतो. तिन्ही फेजवर भार सारखा असेल आणि एका सी.टी.ची तार तुटली, तर एकूण किलोवॅट बरोबर दोन तृतीयांश दिसतात. तीच तार तुटण्याऐवजी उलटी जोडली गेली, तर त्या फेजची वीज वजा होते आणि बेरीज एक तृतीयांशावर येते. दोन फेजच्या सी.टी.च्या तारांची अदलाबदल झाली, तर गंमत आणखी वाढते. त्या दोन फेजची मिळून जी वजाबाकी होते, ती तिसऱ्या फेजच्या आकड्याइतकी भरते आणि कारखाना पूर्ण भाराने चालू असताना पडद्यावर शून्याच्या आसपास किलोवॅट दिसतात. अँपिअर मात्र तिन्ही फेजचे अगदी बरोबर.

दुरुस्तीनंतर अचानक असा एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश आकडा दिसू लागला, तर कार्डाकडे पाहण्याचीही गरज नाही. बिघडलेले कार्ड इतके नेमके चुकत नाही. इतकी व्यवस्थित चूक माणसाच्या हातचीच असते.

या चुकीची किंमत बिलातही मोजावी लागते. उच्च दाबाच्या औद्योगिक ग्राहकांना महावितरणची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या एककावर होते. म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला, की त्याचा भार थेट बिलावर. तो सुधारण्यासाठी बसवलेले स्वयंचलित कपॅसिटर पॅनेल बहुधा एकाच सी.टी.वरून अंदाज घेते. तो सी.टी. चुकीच्या फेजवर असेल, तर पॅनेल नको तेव्हा कपॅसिटर जोडते आणि हवे तेव्हा काढते. कपॅसिटर बदलून झाले, नियंत्रक बदलून झाला, तरी बिल उतरत नाही, अशा कहाण्यांचे मूळ अनेकदा दोन इंच तारेत असते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. सी.टी.च्या तारा चालू भारावर कधीही सोडवू नयेत. त्याचे दुय्यम मंडल खुले झाले, की गाभ्यातील चुंबकीय प्रवाहाला विरोध उरत नाही आणि त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या दोन टोकांवर हजारो व्होल्टचा दाब उभा राहू शकतो. मीटर किंवा कार्ड काढण्यापूर्वी टर्मिनलवरची शॉर्टिंग लिंक लावून ती टोके जोडून घ्यायची असतात. हा नियम शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगितला जातो, आणि पाळी संपता संपता घाई झाली, की जाणत्यांकडूनही विसरला जातो.

चार मिलिअँपिअरचे शून्य

तापमान, दाब, पातळी यांचे संकेत बहुधा चार ते वीस मिलिअँपिअर या प्रवाहावर येतात. शून्यासाठी शून्यच का ठेवले नाही, हा प्रश्न कोणालाही पडावा. उत्तर असे, की मोजमाप शून्य असणे आणि तार तुटलेली असणे यांतला भेद कळावा, यासाठी. टाकी रिकामी असेल, तर चार मिलिअँपिअर येतील. तार तुटली असेल, तर काहीच येणार नाही. ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर प्रवाह गेला, तर उपकरण किंवा तार बिघडली असे समजावे, असा संकेत उद्योगजगतात रूढ आहे. त्यामुळे तपासनीसाने प्रथम मिलिअँपिअर पाहावेत. शून्य ते दोनशे अंशांच्या ट्रान्समीटरकडून बारा मिलिअँपिअर येत असतील, तर पडद्यावर शंभर अंश दिसले पाहिजेत. टर्मिनलवर बारा आहेत आणि पडद्यावर सत्तर, तर दोष कार्डात किंवा त्यापुढे. नवे कार्ड बसवल्यावर असा फरक दिसला, तर ते शून्य ते वीस मिलिअँपिअर अशा चुकीच्या पट्ट्यावर तर ठेवलेले नाही ना, हे आधी पाहावे.

कार्डाची परीक्षा घेण्याची उत्तम रीत म्हणजे त्याला ज्ञात उत्तराचा प्रश्न विचारणे. बाहेरची तार सोडवून, ठरावीक प्रवाह देणाऱ्या लहानशा उपकरणाने चार, बारा आणि वीस मिलिअँपिअर द्यावेत आणि पडदा पाहावा. तापमानाच्या पीटी-१०० संवेदकासाठी तर शंभर ओहमचा अचूक रोधक पुरतो. तो टर्मिनलला लावला, की कार्डाने शून्य अंश दाखवले पाहिजेत. शंभर अंशांना हाच रोध १३८.५ ओहम असतो. थर्मोकपलच्या कार्डाला याहूनही सोपा प्रश्न विचारता येतो. दोन टर्मिनल तारेच्या तुकड्याने जोडली, की कार्डाने पॅनेलमधले तापमान दाखवावे. दाखवले, तर कार्ड शहाणे आहे आणि वेडेपणा बाहेर आहे.

सुरुवातीला आलेल्या साडेआठशे अंशांचा उलगडा आता होतो. पीटी-१०० ची तार तुटली, की रोध अनंत होतो आणि कार्ड आपल्या पट्ट्याचे वरचे टोक गाठते. टाकीभर द्रव एका सेकंदात आठशे अंशांनी तापू शकत नाही; आकडा अशक्य आहे, म्हणूनच तो फसवत नाही. फसवतो तो पटण्याजोगा खोटा आकडा. जोडपेटीत ओल शिरली आणि संवेदकाच्या दोन टोकांमध्ये मळकट पाण्याचा पातळ थर बसला, तर तेथे समांतर रोध तयार होतो. तो पाच हजार ओहम असला, तर टाकी प्रत्यक्षात ऐंशी अंशांवर असताना पडद्यावर सुमारे एकाहत्तर दिसतील. कोणताही दिवा लागणार नाही, कोणतीही घंटा वाजणार नाही. आकडा अगदी समंजस वाटेल, आणि तो धोक्याच्या बाजूने चुकलेला असेल. कार्ड निर्दोष, प्रोग्रॅम निर्दोष आणि तरीही टाकी नऊ अंश अधिक तापलेली.

पॅनेल श्वास घेते

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत ही ओल अपवाद म्हणून येत नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री घाट उतरून प्रथम पोलादपूरला आणि मग महाडला येते, आणि डोंगरावरचा पाऊस आपल्यासोबत आणते. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या काळात महाड शहर पाण्याखाली गेले आणि तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. परिसराचा वीजपुरवठाही तेव्हा कोलमडला होता. असा पूर दरवर्षी येत नाही. पण पूर नसलेल्या वर्षांतही हवा आपले काम करतच असते.

पॅनेल चालू असते तेव्हा आतली उपकरणे त्याला उबदार ठेवतात. घाटमाथ्याकडून येणाऱ्या वाहिनीवर झाड पडले आणि रात्री वीज गेली, की पॅनेल थंड होते, आतली हवा आकुंचन पावते आणि सैल ग्लँडमधून, दाराच्या झिजलेल्या रबरातून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पहाटे तिचे दवबिंदू कार्डांवर आणि टर्मिनलवर जमतात. वीज आली, की आकडे वेडेवाकडे होतात आणि दुपारपर्यंत आपोआप सुधारतात. दुपारी तपासायला आलेल्या माणसाला सर्व काही व्यवस्थित सापडते. तो नोंदवहीत ‘दोष आढळला नाही’ असे लिहून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

अशा येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात सर्वांत उपयोगी साक्षीदार म्हणजे वेळ. गेल्या पंधरा दिवसांचा आलेख काढून, चूक कोणत्या घटकेला सुरू झाली आणि त्याआधी काय घडले होते, हे जुळवून पाहावे. दर वेळी आधी वीज गेलेली असेल, तर ओल. दर वेळी एखादी मोठी मोटार सुरू झालेली असेल, तर केबलच्या शील्डचे अर्थिंग पाहावे. ते दोन्ही टोकांना केलेले असेल, तर शील्डमधूनच प्रवाह वाहतो. पावसाच्या तोंडी विजांचा कडकडाट झाल्यानंतर एक-दोन चॅनेल कायमची गेली असतील, तर मात्र कार्ड खरोखरच जळले असण्याची शक्यता मोठी. तेव्हाही लगेच नवे बसवू नये. ज्या तारेने जुने जाळले, ती तार तेथेच आहे. तिच्यावर चोवीसऐवजी २३० व्होल्ट येत असतील, तर नवे कार्ड जुन्याच्या वाटेने जाईल.

रासायनिक वसाहतीत या ओलीत आम्लाचे अंशही असतात. तांब्यावर हिरवट, चांदीच्या मुलाम्यावर काळा थर चढतो. पीटी-१०० च्या मंडलात जोडणीचा एक ओहम जादा रोध अडीच अंशांचा फरक पाडू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या थराचे गांभीर्य कळते. पॅनेलमधला छोटा हीटर, बंद केलेली रिकामी ग्लँडची भोके, केबल खालून घेणे, कार्डावर संरक्षक लेप असणे, हे उपाय स्वस्त आहेत. गंमत अशी, की बहुतेक पॅनेलमध्ये हीटर बसवलेला असतोच. त्याचा स्विच कोणीतरी उन्हाळ्यात बंद केलेला असतो.

पुराचे पाणी प्रत्यक्ष आत शिरले, तर गोष्ट वेगळी. पाणी ओसरते, पण त्यातला गाळ राहतो आणि तो वाळला तरी हवेतील ओलाव्याने पुन्हा वाहक होतो. अशा वेळी उत्पादन सुरू करण्याच्या घाईत दोन चुका होतात. कार्डे उन्हात वाळवून तशीच चालू करणे ही एक. केबलचा रोध तपासण्यासाठी पाचशे व्होल्टचा मेगर कार्डे जोडलेली असतानाच फिरवणे ही दुसरी. त्यात पुरातून वाचलेली कार्डे मेगरने मरतात. केबल दोन्ही टोकांना सोडवून मगच मेगर लावावा. भिजलेले कार्ड शुद्ध पाण्याने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, नीट वाळवून साध्या नोंदीच्या कामी चालवता येते. परंतु जे कार्ड रिॲक्टर बंद करण्याचा हुकूम ठरवते, तेथे भिजलेल्या कार्डाला दुसरी संधी देण्यात शहाणपण नाही.

आकड्याला गप्प बसवताना

निदान अवघड झाले, की एक मोह उभा राहतो. चुकीचा वाटणारा संकेत प्रोग्रॅममध्ये ‘फोर्स’ करून ठेवायचा, म्हणजे कार्ड काहीही म्हणो, पडद्यावर ‘ठीक आहे’ असेच दिसेल. किंवा टर्मिनलवर तारेचा एक जंपर मारायचा. तपासापुरते असे करावे लागते आणि त्यात गैर काही नाही. पण पाळी बदलते, सांगायचे राहून जाते आणि जंपर तेथेच राहतो.

इंग्लंडमधील बन्सफिल्डच्या इंधन साठ्यात ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे झालेला स्फोट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पेट्रोल भरले जात असलेल्या टाकीची पातळी मोजणारा काटा अडकला होता. टाकी भरत होती आणि पडद्यावरचा आकडा हलत नव्हता. अखेरचा उपाय म्हणून असलेला स्वतंत्र स्विचही निकामी होता. त्याच वर्षी २३ मार्च रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात पंधरा माणसे मेली. तेथे मनोऱ्यातील द्रव दीडशे फुटांच्या वर चढलेला असताना पातळी दहा फुटांहून कमी, आणि तीही हळूहळू उतरती, दिसत होती. दोन्ही ठिकाणी पडद्यावरचा आकडा अशक्य कोटीतला नव्हता. म्हणून कोणाला शंका आली नाही. टेक्सास सिटीत किती द्रव आत गेला आणि किती बाहेर आला, याचा हिशेब मांडला असता, तर तो आकडा खोटा आहे हे कळले असते.

हा हिशेबच चांगल्या निदानाचा प्राण आहे. एका संकेताची परीक्षा दुसऱ्या, स्वतंत्र संकेताने घ्यायची. तापमान खरे वाटते का, हे थंड पाण्याच्या आत-बाहेरच्या फरकावरून पाहायचे. मोटारीचा प्रवाह खरा आहे का, हे टाँग टेस्टरने. किलोवॅट खरे आहेत का, हे महावितरणच्या मीटरवरून. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून किंवा आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना कार्डांचे प्रकार आणि प्रोग्रॅमच्या भाषा पुष्कळ येतात; ही साक्षी-पुराव्याची सवय मात्र पॅनेलसमोर उभे राहूनच लागते, आणि ती लावून देणारा जाणता माणूस पाळीला असावा लागतो.

कार्ड बदलण्याचीच वेळ आली, तर आधी कारखान्याचा तो भाग सुरक्षित स्थितीत आणावा, कारण एका चॅनेलसाठी कार्ड ओढले, तर उरलेली सातही जातात. चालू रॅकमधून कार्ड काढण्याची मुभा प्रत्येक बनावटीत नसते. जुन्या कार्डावरचे लहान स्विच आणि पट्टे टिपून घ्यावेत आणि नव्यावर तसेच ठेवावेत. शक्य असेल तेथे आधी फक्त चॅनेल बदलून पाहावे. संशयित तार शेजारच्या मोकळ्या चॅनेलला जोडली आणि चूक तारेबरोबर गेली, तर कार्ड सुटले. चूक मूळ जागीच राहिली, तर कार्ड सापडले.

काढलेल्या कार्डाचे पुढे काय होते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. ‘खराब’ अशी चिठ्ठी लावून ते भांडारात पडते. मे महिन्यात, पावसापूर्वीच्या देखभालीत, ही कार्डे टेबलावर घेऊन प्रत्येक चॅनेलला चार, बारा आणि वीस मिलिअँपिअर देऊन पाहण्यास एका माणसाची एक दुपार पुरते. त्यांतली जी तिन्ही आकडे बरोबर दाखवतात, त्यांची चिठ्ठी काढून टाकावी आणि ती ज्या पॅनेलमधून निघाली, त्या पॅनेलची केबल आणि जोडपेटी उघडावी.